पद्मिनीचा घसा बसतो तेव्हा

मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली आणि या गाडीवर गहिवरून लिहिणाऱ्यांची रीघ लागली. संपादकांनी मलाही त्याच रांगेत उभं केलं होतं. तेवढ्यात कळलं, की पुण्यात १९७४ सालची एक पद्मिनी इंजिनापासून रंगापर्यंत ठाकठीक झाली आहे, पण मालकांचं घोडं अडलंय स्पीकरपाशी. मग मी टॅक्सीचा नाद सोडला.

वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ची. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ साली बाहेर पडलेली फियाट ११०० डिलाइट पुढे पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगलगतचा गिअरचा दांडा, हे सारं शौकिनांना तोंडपाठ असतं. रेडिओबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तो बहुधा हौसेने वेगळा बसवलेला, पोस्टातून लायसन्स काढून वाजवलेला. मीडियम वेव्हवर टोकदार, बारीक स्वर मुळात पोहोचतच नसत. त्यामुळे कागदी कोनचा एक स्पीकर पुरेसा होई. कॅसेटी आल्या तशी स्टीरिओची हौस आली आणि अनेकांनी मागच्या सीटमागची फळी लंबगोल कापून घेतली. पुण्यातल्या या गाडीचं ते नशीब टळलं होतं.

स्पीकर पोहोचला तपकीर गल्लीजवळ, एका जिन्याखालच्या दुकानात. दुकानदार काकांचं पोट चालतं मंडळांच्या आणि बँडवाल्यांच्या भल्यामोठ्या स्पीकरांवर. हा इवलासा जीव त्यांनी हौसेने हातात घेतला. दोन्ही अंगठ्यांनी कोन हलकेच दाबला आणि माझ्या कानाशी धरला. ‘‘ऐका. घासतोय.’’

घासत होती ती कॉइल. चुंबकाच्या पोलाभोवती जी अरुंद फट असते, तिच्यात तांब्याच्या तारेची ही कॉइल अधांतरी हलायला हवी. दोन्ही बाजूंना जागा मिळते मिलिमीटरच्या काही अंशाची. पावसाळी दमटपणाने कागद मऊ पडतो, फटीत गंज धरतो आणि कॉइल एका बाजूला टेकते. काकांनी ब्लेडने जुना कोन सोडवला, फ्रेमवरचा डिंक खरवडला आणि चिकटपट्टीचं टोक फटीत फिरवून लोखंडाचा कीस वर काढला. फुंकर मारून तो निघत नाही, चुंबक धरून ठेवतं. मग नवी कॉइल पोलावर उतरवली आणि मध्ये खोचल्या जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मच्या पट्ट्या. कॉइल चहूबाजूंनी सारखी राहावी म्हणून एवढा खटाटोप. कॉइलला मधोमध धरणारी चकती, म्हणजे स्पायडर, चिकटला, कोन चिकटला, रात्रभर सुकला. सकाळी पट्ट्या उपसल्या आणि सगळ्यात शेवटी मधली टोपी लावली. ती आधी लावली तर पट्ट्या कायमच्या आत! या क्रमाचं मला फार अप्रूप वाटलं. मापाचं एकही यंत्र न वापरता काकांनी बोटांनी कोन दाबला आणि मान हलवली. घासणं थांबलं होतं.

गोष्ट इथे संपली असती, तर मालक सुखी झाले असते. पण त्यांना मोबाइल जोडता येईल असा नवा डेकही हवा होता. जुन्या पद्धतीत रेडिओतून स्पीकरला एकच तार जाई. दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला. नव्या डेकच्या दोन्ही तारा स्पीकर ढकलतात. त्यातली एक पत्र्याला टेकली, तर आतला अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. म्हणजे जुनं वायरिंग बाद. चार ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार होतो दोन ओहमचा, तो बऱ्याच डेकना सोसत नाही. जोडीतल्या एकाच्या तारा उलटल्या, तर खर्ज गायब. त्यावर काकांचा उपाय पेन्सिल सेलचा: सेल क्षणभर टेकवायचा, कोन बाहेर उसळला की सेलचं अधिक टोक लागलं ती बाजू अधिक. डायनॅमोची किरकिर उरतेच. तिला कंडेन्सर लागतो. आणि जुना स्पीकर अल्निको चुंबकाचा असेल, तर काका चुंबक सोडवायला साफ नकार देतात. ते सुटं केलं की ताकद उतरते, पुन्हा भारण्याचं यंत्र त्यांच्याकडे नाही.

राहिला पत्रा. मालकांच्या मुलाला दारांत स्पीकर हवे होते. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, आणि ही गाडी त्या वयात आली आहे. दाराला पाडलेलं भोक पुढे कोण कसं मोजेल, याची परीक्षा कशाला घ्यायची? गाडी ठाकठीक करणाऱ्या गॅरेजवाल्याचा दारं कापायला विरोध होता, आणि माझं मत त्याच्या बाजूने पडलं: नवे स्पीकर लाकडी खोक्यात घालून सीटखाली ठेवा, डेक ग्लोव्हबॉक्समध्ये दडवा, आणि एकही स्क्रू मूळ पत्र्यात जाऊ देऊ नका.

तुमच्या दारात अशी गाडी असेल, तर करवत लावण्याआधी जुना स्पीकर एकदा कोन बदलणाऱ्याला दाखवा. नवा बसवलात तरी जुना भंगारात घालू नका. मागचा नंबर टिपून, कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.