हळदीच्या फोटोत हळदच काळी का दिसते? रंगीत लाईटचे गणित समजून घ्या

पिवळा मांडव, पिवळ्या साड्या, डीजेचा आवाज आणि स्टेजवर फिरणारे निळे-जांभळे लाईट. दुसऱ्या दिवशी फोटो हातात येतात आणि नवरीच्या गालावरची हळद राख फासल्यासारखी दिसते. 'एडिट करून द्या' म्हटले तरी पिवळा रंग काही परत येत नाही. हिंगोली जिल्हा हळदीचा, वसमतच्या हळदीला तर भौगोलिक मानांकन मिळालेले. इथे अनेक घरांत नवरीला लागणारी हळद स्वतःच्या शेतातली असते. तीच फोटोत ओळखू येत नसेल, तर चूक कॅमेऱ्याची की लाईटची?

जेल पेपर म्हणजे काय?

फ्लॅश किंवा लाईटसमोर लावतात तो रंगीत पारदर्शक कागद म्हणजे जेल. नाटकाच्या स्पॉटसमोरचा 'जिलेटिन पेपर' तो हाच. पूर्वी तो खरोखर जिलेटिनचा असायचा, आता उष्णता सहन करणाऱ्या प्लास्टिकचा असतो.

हा कागद प्रकाशात नवा रंग मिसळत नाही. पांढऱ्या प्रकाशातले बाकीचे रंग तो अडवतो आणि स्वतःचा तेवढा पुढे सोडतो. त्यामुळे गडद निळा कागद लावला की बराचसा प्रकाश वाटेतच संपतो आणि फ्लॅशची पॉवर वाढवावी लागते. डीजेचे एलईडी पार लाईट कागदाशिवायच निळा प्रकाश देतात. परिणाम तोच, उलट जास्त कडक.

मग हळद काळी का पडते?

हळदीला पिवळेपण देणारा घटक म्हणजे कुरकुमिन. तो निळा-जांभळा प्रकाश शोषतो, लाल आणि हिरवा परत पाठवतो. हे दोन मिळून आपल्याला पिवळा दिसतो. पण लाईटच फक्त निळा असेल तर परत पाठवायला काही उरत नाही, म्हणून हळद काळसर दिसते.

घरी करून बघा. खोलीत अंधार करा, वाटीत चमचाभर हळद घ्या आणि मोबाईलच्या टॉर्चवर निळ्या जिलेटिन कागदाच्या दोन-तीन घड्या धरा. हळद काळपट, कधी हिरवट दिसेल.

एडिटिंगमध्ये दुरुस्ती का होत नाही?

कॅमेऱ्याचा सेन्सर लाल, हिरवा आणि निळा अशी तीन मोजमापे घेतो. फक्त निळा प्रकाश पडला तर लाल-हिरव्याची नोंद जवळजवळ होतच नाही. जी माहिती टिपलीच नाही, ती सॉफ्टवेअर कुठून आणणार? असा फोटो अनेकदा ब्लॅक अँड व्हाईट करूनच वाचवावा लागतो.

गडद लाल लाईटमध्ये उलटा प्रकार होतो. त्वचा लाल प्रकाश जास्त परत पाठवते. चेहरा सपाट होतो, नाक-गालाचा उठाव जातो. सावळ्या चेहऱ्यावर निळा लाईट आणखी काळोख करतो, कारण त्वचेतले मेलॅनिन निळा प्रकाश जास्त शोषते.

म्हणजे रंगीत लाईट वापरायचेच नाहीत?

वापरायचे, पण जागा बघून. फोटोचा मूड रंगावरच उभा राहतो. केशरी रंग ऊब देतो, निळा रात्र आणि शांतता सुचवतो, लाल ताण वाढवतो. पोर्ट्रेटसाठी ही मांडणी सोपी आहे:

- चेहऱ्यावर समोरून, थोडा बाजूने पांढरा आणि मऊ लाईट ठेवा.
- मागून खांद्यावर आणि केसांवर केशरी जेलचा लाईट टाका. हळद आणखी खुलते.
- निळा हवाच असेल तर फक्त मागच्या पडद्यावर. निळ्यासमोर पिवळा उठून दिसतो.
- माणूस पडद्यापासून पाच-सहा फूट पुढे ठेवा, नाहीतर समोरचा पांढरा लाईट मागचा रंग धुऊन टाकतो.
- पडदा गडद घ्या. पांढऱ्यापेक्षा त्यावर रंग दाट येतो.

सिद्धेश्वर धरणाच्या काठावर संध्याकाळी प्री-वेडिंग शूट असेल तर आणखी एक युक्ती आहे. फ्लॅशवर 'सीटीओ' नावाचा केशरी जेल लावा. साधारण ५५०० केल्विनचा फ्लॅश त्याने ३२०० च्या आसपास येतो. कॅमेऱ्याचा व्हाईट बॅलन्सही ३२०० वर ठेवा. चेहरा नैसर्गिक राहतो आणि आभाळ गडद निळे होते.

मोबाईलवाल्यांनी काय करावे?

ऑटो व्हाईट बॅलन्स बंद करा, कारण तुम्ही मुद्दाम आणलेला रंग फोन स्वतःहून खोडायला जातो. प्रो मोडमध्ये ५००० ते ५५०० च्या दरम्यान ठेवून एक चाचणी फोटो घ्या. झूम करून गालावरची हळद पिवळी दिसते का, ते पाहा.

एक काळजी घ्या. गिफ्ट पॅकिंगचा रंगीत कागद हॅलोजनसमोर लावू नका. हॅलोजन प्रचंड तापतो, कागद वितळू किंवा पेटू शकतो. अशा दिव्यासाठी उष्णतारोधक जेलच घ्या आणि तोही दिव्याला चिकटवू नका.

कार्यक्रमाआधी एवढे सांगून ठेवा

नाचताना कोणतेही लाईट चालतील. पण हळद लावायची वीस-पंचवीस मिनिटे स्टेजवरचे निळे-जांभळे पार लाईट बंद किंवा पडद्याकडे वळवलेले हवेत. हे फोटोग्राफरला एकट्याला जमत नाही, लाईट डीजेवाल्याच्या हातात असतात. म्हणून दोघांशी आदल्या दिवशीच बोलून घ्या. हळद पुन्हा लावता येत नाही आणि तो पिवळा रंग नंतर विकतही मिळत नाही.