पिशवीविना धूळ

कापसाच्या हंगामात उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावी काळ्या मातीची बारीक धूळ घराघरांत शिरते. अशा मुलखात चाकांवर ओढण्याचे, पिशवीविरहित व्हॅक्यूम क्लीनर घेऊ इच्छिणाऱ्या गृहस्थाने, दुकानदार ज्याचा गजर करतो तो वॅटचा आकडा विजेच्या खर्चाचा असतो, शोषणशक्तीचा नव्हे, हे प्रथम ध्यानी घ्यावे. ब्रिटिश संशोधक जेम्स डायसन यांनी लाकूड कापण्याच्या गिरणीतील धूळसंग्राहक पाहून, ५,१२७ नमुन्यांअंती सिद्ध केलेल्या पिशवीविरहित रचनेत हवा वेगाने गरगरून जड कण भांड्याच्या कडेला फेकले जातात. परंतु अतिसूक्ष्म धूळ गाळणीवरच अडते, म्हणून धुता येणारी गाळणी आणि ती तालुक्याला मिळण्याची तजवीज, हीच खरी कसोटी. गाळणी पुरती वाळल्याखेरीज बसवू नये. भांडे अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून रिते करावे. गालिचे नसलेल्या, फरशीच्या घरी फिरता ब्रश मला तरी अनाठायी खर्च वाटतो.