बास्करव्हिलचा कुत्रा कशाने चमकतो?

आर्थर कॉनन डॉयल यांची 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही शेरलॉक होम्स कादंबरी ऑगस्ट १९०१ पासून 'स्ट्रँड' मासिकात क्रमशः आली व १९०२ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. इंग्लंडमधील डार्टमूरच्या ओसाड माळावरील एका जमीनदार घराण्याला शाप आहे. नरकातला एक अजस्र कुत्रा त्या घराण्याच्या वारसांचा बळी घेतो, अशी समजूत आहे. शेवटी धुक्यातून खरोखरच एक कुत्रा झेपावतो. त्याच्या तोंडातून व डोळ्यांतून जणू ज्वाळा निघत असतात. होम्सच्या गोळ्यांनी तो मरतो. वॉटसन त्याच्या जबड्याला हात लावतो, तर त्याची स्वतःचीच बोटे अंधारात चमकू लागतात. हा फॉस्फरस आहे, असे तो म्हणतो. होम्स हुंगून पाहतो आणि मिश्रण मोठ्या खुबीने केले आहे, कुत्र्याच्या घ्राणशक्तीला अडथळा येईल असा वास त्याला नाही, असा निर्वाळा देतो.

आमच्या मते कादंबरीचे मर्म याच प्रसंगात आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्याची धास्ती घेतली, ते हात लावताच बोटाला लागते. पण आपण विज्ञानाचे शिक्षक आहोत. होम्सचे उत्तरही तपासून पाहिले पाहिजे.

उत्तराची तपासणी

फॉस्फरस म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातील स्फुरद. हॅम्बुर्गच्या हेनिंग ब्रँड यांनी तो १६६९ मध्ये मूत्रापासून मिळवला. पांढऱ्या फॉस्फरसचा हवेतील ऑक्सिजनशी सावकाश संयोग होतो आणि त्यातील काही ऊर्जा फिकट हिरवट प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे चमक खरी आहे. अडचणी पुढेच आहेत.

पांढरा फॉस्फरस हवेत ३० अंश सेल्सिअसच्या थोडे वर पेट घेतो आणि कुत्र्याच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंश असते. तेलात विरघळवून तो लावला तर पेटण्याचा धोका कमी होईल, पण विषाचे काय? माणसाला वजनाच्या दर किलोमागे एक मिलिग्रॅमच्या आसपासची मात्राही प्राणघातक ठरू शकते. तोंड चाटणारा कुत्रा शिकारीपर्यंत जगणे कठीण. शिवाय पांढऱ्या फॉस्फरसला लसणासारखा उग्र वास येतो. डॉयल स्वतः एडिंबरो विद्यापीठात शिकलेले डॉक्टर होते, तरी येथे त्यांनी कथेची सोय पाहिली असे म्हणावे लागते.

या विषाचे खरे बळी त्याच काळातल्या लंडनमध्ये होते. आगकाड्यांच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफांमुळे कामगारांच्या जबड्याचे हाड सडत असे. १८८८ मध्ये ब्रायंट अँड मे कारखान्यातील काडीकामगार मुली व स्त्रियांनी संप केला. १९०६ मध्ये बर्न येथे अशा काड्यांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारतात त्यासाठीचा कायदा १९१३ मध्ये आला.

पडद्यावर

बॅझिल रॅथबोनच्या १९३९ च्या चित्रपटात कुत्रा आहे, पण चमक नाही. पीटर कुशिंगच्या १९५९ च्या चित्रपटात कुत्र्याला मुखवटा घातला आहे. रसायनातली चूक टळली, पण चमकणारी बोटेही गेली. आम्हाला हा सौदा तोट्याचा वाटतो. आपल्याकडे १९६२ मध्ये आलेल्या 'बीस साल बाद' या हिंदी चित्रपटाने याच कथेचा आधार घेतला. त्यात कुत्र्याच्या जागी सूड घेणाऱ्या आत्म्याची वदंता आहे, पण शेवटी हाडामांसाचा माणूसच निघतो. कादंबरीचा हेतू तेथे टिकून आहे.

बीबीसीच्या 'शेरलॉक' मालिकेतील २०१२ च्या भागात भीती निर्माण करणारे रसायन धुक्यातून पसरते, आणि जेलीफिशचा जनुक घातलेला ससा अंधारात चमकतो. जेलीफिशमधील त्या हिरव्या प्रथिनावरील कामाला २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले आहे. मात्र ते प्रथिन निळा किंवा अतिनील प्रकाश पडत असतानाच चमकते; मिट्ट काळोखात नाही. शंभर वर्षांनी विज्ञान बदलले, चूक मात्र त्याच जातीची राहिली. प्रकाशाला ऊर्जा कोठून मिळते, हे विचारायचे राहून गेले.

वर्गात काय करता येईल?

पांढरा फॉस्फरस वर्गात मुळीच आणू नये. भिंतीवर चिकटवायच्या चमकत्या चांदण्या आणाव्यात. एका चांदणीच्या अर्ध्या भागावर नाणे ठेवून तिच्यावर विजेरीचा झोत धरावा, मग अंधार करून नाणे उचलावे. झाकलेला भाग काळा दिसेल. चांदणी तासन्‌तास कपाटात ठेवली तर तीही विझत जाते. येथे आधी साठवलेली प्रकाशऊर्जाच हळूहळू बाहेर पडते. याला फॉस्फोरेसन्स म्हणतात, जरी त्यात फॉस्फरसचा संबंध नाही. वाहनांवरील ज्या पट्ट्यांना आपण 'रेडियम' म्हणतो, त्यांतही रेडियम नसते. त्या फक्त समोरच्या दिव्याचा प्रकाश परतवतात.

त्यानंतर विद्यार्थ्यांना विचारावे: डॉयलच्या काळी कॅल्शियम सल्फाइडचा चमकणारा रंग मिळत होता. तो लावला असता तर कुत्र्याला माळावर सोडण्यापूर्वी काय करावे लागले असते? आणि किती वेळात त्याचे भूतपण ओसरले असते?