पहिले हिशोब, मंग यात्रा

सारंगखेड्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

आमच्या गटाची सचिव, आमची जिवाची मैत्रीण, कायमची सुरतेला निघाली. नवऱ्याला तिथं काम लागलं. खानदेशातली कितीतरी घरं अशी सुरतेला गेली आहेत. दोंडाईच्याला गाडीत बसलं की सरळ सुरत. आता जाणाऱ्या मैत्रिणीला निरोप कसा द्यायचा? ओटी भरली, दारात रडलो, की झालं?

तेवढ्यानं भागत नाही, हे आम्ही चुकून शिकलो. मागं एक मैत्रीण अशीच गेली. तिच्याकडं गटाचं थोडं कर्ज बाकी होतं. विचारायची आम्हाला लाज, सांगायची तिला लाज. हळूहळू फोन थांबले. पुढं ती यात्रेलाही आली नाही. रक्कम लहानच होती, पण मैत्रीण गेली.

म्हणून या वेळी ठरवलं : पहिले हिशोब, मंग यात्रा.

हिशोब कसा करायचा, ते ऐका. मैत्रीण जाण्याआधीच बैठक घ्या. तिचं पासबुक आणि गटाची वही शेजारी ठेवून आकडे जुळवा. समजा, महिन्याला १०० रुपयांप्रमाणे ५ वर्षांची बचत ६,००० रुपये झाली आणि कर्ज २,५०० रुपये बाकी आहे. मग तिला ३,५०० रुपये द्यायचे. व्याजातला वाटा गटाच्या नियमाप्रमाणे वेगळा. सगळं सगळ्यांसमोर वाचून दाखवा, ठराव लिहा, सह्या घ्या. ती बँकेत सही करणारी असेल, तर नव्या सहीचा ठराव तिच्यासमोरच बँकेत द्या. तिच्या सहीचा कोरा चेक मागं ठेवू नका.

रेशनचंही बघा. ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेत आधार जोडलेल्या कार्डावर सुरतेतही आपल्या हक्काचं धान्य मिळतं. सासू-सासरे गावीच राहणार असतील, तर त्यांच्या वाट्याचं धान्य इथं आणि तिच्या वाट्याचं तिथं घेता येतं. १८१ हा महिला हेल्पलाइनचा आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर तिला पाठ करायला लावा.

हिशोब झाला, मन मोकळं झालं. मग आली यात्रेची रात्र.

दत्तजयंतीला आपल्या एकमुखी दत्ताची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार भरतो, लांबलांबून लोक येतात. आणि घरोघरी पाहुणे येतात. आमची मैत्रीण म्हणाली, "चौदा वर्षं झाली या गावात. रात्रीची यात्रा मी कधी पाहिलीच नाही. भाकरीच थापल्या." आम्ही एकमेकींकडं बघत राहिलो. आमचंही तेच होतं.

त्या रात्री दोघींच्या सासूबाईंनी लेकरं सांभाळली. कोण कुठं आणि किती वाजेपर्यंत, हे प्रत्येकीनं घरी सांगितलं. वर्गणी सारखी काढली, तिच्याकडून मात्र घेतली नाही. चुकामूक झाली तर कुठं भेटायचं, ते आधीच ठरवलं. आणि परतायचं तर सगळ्यांनी मिळूनच.

दर्शन घेतलं. पाळण्यात बसलो आणि ओरडलो. दिव्यांखाली पांढरेशुभ्र घोडे पाहिले. बांगड्या भरल्या. शेवटी भरीत-भाकरी खाल्ली, दुसऱ्याच्या हातची, गरम. ती म्हणाली, "आज मला कोणी वाढलं."

परतताना नदीकडं बघून तिला रडू आलं. आम्ही म्हटलं, बाई, ही तापी इथून उकई धरणात जाते आणि पुढं तुझ्या सुरतेतूनच समुद्राला मिळते. पाणी तेच आहे. पुढच्या दत्तजयंतीला ये. तुझं कुणाचं देणं नाही, आमचंही नाही. मोकळ्या मनानं ये.

मैत्रिणींनो, तुमच्या गटातली कोणी निघाली असेल, तर आजच वही उघडा. आणि एक रात्र तिच्या नावानं ठेवा. येतो आम्ही.