शेवटच्या नळापर्यंत

पहाटे ४.४५
भोर तालुक्यातलं एक गाव. दोनशे ऐंशी उंबरे. जुलै महिना, पाऊस रात्रभर लागून राहिलेला. अण्णा घराबाहेर पडतात. पायात गमबूट, डोक्यावर इरलं घ्यावं तशी प्लॅस्टिकची खोळ, हातात बॅटरी, खिशात टेस्टर. ते ग्रामपंचायतीचे पाणीपुरवठा कर्मचारी. गावचे जलसुरक्षकही तेच. एकोणीस वर्षं हेच काम.

नदीकाठच्या विहिरीवर साडेसात एचपीची मोटर आहे. थ्री फेज वीज साडेआठला जाते. त्याआधी टाकी भरली पाहिजे. अण्णा स्टार्टरचं हिरवं बटण दाबतात. मोटर घरघरते, पाणी मात्र चढत नाही. फुटवॉल धरत नाही, रात्रीतून पाइपातलं पाणी उतरून जातं. मग बादलीनं पाइप भरायचा. सात बादल्या लागतात. पुन्हा बटण. आता पाइप थरथरतो.

"नव्या फुटवॉलचं मार्चात सांगितलंय," अण्णा म्हणतात आणि चिखलातून टाकीच्या वाटेला लागतात.

पहाटे ५.४५
गावाच्या वरच्या अंगाला टाकी. पन्नास हजार लिटरची. खांबावर फरशी बसवली आहे, त्यावर आमदार निधीतून बांधकाम झाल्याचं कोरलेलं आहे. लोखंडी शिडीला एकतीस पायऱ्या. दोन गंजून गेल्यात, त्या कुठल्या हे अण्णांच्या पायांना माहीत आहे.

वर चढण्याआधी खाली टीसीएलचं काम. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. हिशेब सरळ: हजार लिटरला पाच ग्रॅम. पन्नास हजारांना अडीचशे. घरचा जुना स्टीलचा पेला अण्णांनी किराणा दुकानात वजन करून ठरवून घेतलाय. दोन पेले आणि वर चिमूट. तोंडाला रुमाल. पावडर बादलीत टाकायची, थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या, मग बादली भरून ढवळायची आणि थांबायचं. चुना तळाशी बसतो. वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची. गाळ सोडला तर टाकीत चुन्याचा थर चढतो.

हातमोजे नाहीत. अण्णांच्या बोटांची टोकं चिरलेली आहेत. रात्री खोबरेल लावतात.

सकाळी ६.५०
टाकी भरली, निवळी पडून अर्धा तास होऊन गेला. आता ओटी. काचेची छोटी नळी, तीत टाकीचं पाणी, वर ऑर्थोटोलिडिनचे थेंब. अण्णा नळी उजेडाकडे धरतात. पाणी पिवळं होतं. म्हणजे जंतू मारून उरलेला क्लोरीन पाण्यात आहे.

"इथलं पिवळं कामाचं नाही," ते म्हणतात. "शेवटच्या नळाला आलं पाहिजे."

सकाळी ७.००
वॉल सोडायची वेळ. लोखंडी चावी मांडीएवढी लांब. खड्ड्यात पावसाचं पाणी साचलंय, त्यात कोपरापर्यंत हात घालून वॉलचं डोकं चाचपावं लागतं. आधी वरची आळी, पाऊण तास. मग खालची आळी. शेवटी ओढ्याकडची वस्ती. गल्लीत हंडे वाजू लागतात. "अण्णा, आज जरा जास्त सोडा, पाहुणे आलेत," एका ओट्यावरून हाक येते. अण्णा हात वर करतात.

सकाळी ८.४०
ओढ्याकडची वस्ती, शेवटचा नळ. अण्णा नळी भरतात, थेंब टाकतात, उजेडाला धरतात. पाणी पांढरंच. नळी विसळून पुन्हा करतात. पांढरंच.

बाजूला हंडा घेऊन उभी असलेली बाई विचारते, "काय झालं?"

"आज हे पाणी पिऊ नका काकी. उकळा नाहीतर थांबा. सगळ्यांना सांगा."

टाकीजवळ क्लोरीन होता, इथे येईपर्यंत संपला. वाटेत त्याला काहीतरी भेटलंय. अण्णा वस्तीचा वॉल बंद करतात आणि पाइपलाइनीच्या कडेनं उलटे चालू लागतात. नजर जमिनीवर. गटाराला लागून एका जागी चिखलातून बुडबुडे येताना दिसतात. लिकेज सापडलं. नळ चालू असतो तेव्हा इथून पाणी बाहेर येतं. नळ बंद झाला की पाइप रिकामा होतो आणि गटाराचं पाणी आत ओढून घेतो.

सकाळी ९.३०
कुदळ, फावडं, घमेलं. माणूस एकच. गटाराला माती टाकून बांध घालायचा, मग खणायचं. दीड हात खाली पाइप लागतो, दोन इंची पीव्हीसी. सांध्याला चीर. करवतीच्या पात्यानं तेवढा तुकडा कापायचा, टोकं पुसून कोरडी करायची, सोल्युशन लावायचं, कपलिंग बसवायचं. पावसात टोकं कोरडी होत नाहीत. अण्णा डोक्यावरची खोळ काढून खड्ड्यावर धरायला एका पोराला देतात आणि स्वतः भिजतात.

कपलिंग आणि सोल्युशनचे दीडशे रुपये अण्णांच्या खिशातले. पावती घडी करून पाकिटात. तिथे अशा आणखी चार पावत्या आहेत.

सकाळी ११.४५
ग्रामपंचायत. पंचायतीचा कारभार बघणारे भाऊसाहेब आज दुसऱ्या गावी. त्यांच्याकडे दोन ग्रामपंचायती आहेत. अण्णा वही उघडतात. तारीख, वेळ, टीसीएल किती, ओटी कुठे घेतली, आली की नाही, सही. आज 'शेवटचा नळ' या रकान्यापुढे ते 'नाही' लिहितात.

"नाही आली तर नाहीच लिहायची," ते म्हणतात. "आपण 'आहे' लिहिल्यानं पाणी थोडंच शुद्ध होतं?"

कोपऱ्यात फळीवर टीसीएलचं पंचवीस किलोचं पोतं, तोंड घट्ट बांधलेलं. टाकी आणि वस्तीची विहीर धरून दोन महिनेही पुरत नाही. ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. दमट हवा लागली की तो उडून जातो आणि हाती नुसता चुना उरतो. आरोग्यसेवक टीसीएलचा आणि पाण्याचा नमुना तपासायला नेतो. भिंतीवर हिरवं कार्ड लावलंय. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावाच्या पाण्याची पाहणी होते. हिरवं म्हणजे धोका कमी, पिवळं मध्यम, लाल म्हणजे साथीचा धोका.

गावच्या पाण्याची आणि स्वच्छतेची जबाबदारी पंचायतीवर टाकणारा कायदा १९५८ चा, तेव्हाच्या मुंबई राज्याच्या विधिमंडळानं केलेला. आज ती जबाबदारी पार पाडली एका कुदळीनं आणि दीडशे रुपयांच्या सामानानं.

दुपारी १.१५
घरी. नाचणीची भाकरी, कुरडूची भाजी, मिरची. अण्णांची मालकीण लावणीच्या मजुरीला गेलीय, ताट झाकून ठेवलंय. जेवता जेवता पगाराचा विषय निघतो. पगाराचा काही भाग राज्य सरकार देतं, उरलेला पंचायतीनं द्यायचा. सरकारचा हिस्साही गावाच्या करवसुलीशी बांधलेला. लोकांनी घरपट्टी, पाणीपट्टी भरली नाही तर पाणी शुद्ध करणाऱ्याचा पगार अडतो. ही अट काढा, ही ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांची जुनी मागणी आहे. अण्णांना पंचायतीचा हिस्सा दोन महिने मिळालेला नाही.

दुपारी २.४५
म्हणून दुपारी वसुली. काखेत पावतीपुस्तक. तीन घरी कुणी नाही, सगळे भातलावणीला. चौथ्या घरी म्हातारे बाबा शंभराच्या दोन नोटा देतात. पाचव्या घरी एक तरुण दारातच थांबतो. "आज नळाला पाणीच नव्हतं. पैसे कसले?"

"तुझ्याच घरासाठी बंद केलं होतं," अण्णा सांगतात. गटार, चीर, ओटी, सगळं समजावतात. तो ऐकून घेतो. पैसे लावणी झाल्यावर देतो म्हणतो. दोन तासांत सातशे रुपये.

सायंकाळी ४.५०
वाटेत आशाताई भेटतात. वस्तीवर एका घरात काल रात्रीपासून दोघांना जुलाब, एक चार वर्षांची मुलगी. ताईंनी ओआरएसची पाकिटं दिलीत, पोरीला झिंकच्या गोळ्या सुरू केल्यात. जुलाब थांबले तरी चौदा दिवस द्यायच्या, हे आईकडून दोनदा वदवून घेतलंय. उपकेंद्रात सिस्टरना फोन केलाय.

दोघं मिळून वस्तीतली बावीस घरं करतात. भरलेले हंडे, पिंप ओतायला लावतात. ओतलेलं पाणी बघून बायका हळहळतात, ते डोक्यावरून आणलेलं असतं. घरोघरी पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरची बाटली, थेंब किती आणि अर्धा तास का थांबायचं ते सांगून. शेवटच्या तीन घरांना बाटल्या पुरत नाहीत. तिथे गाळून, उकळून प्यायला सांगतात.

सायंकाळी ६.१५
वस्तीची विहीर. नळ येत नाही तेव्हा हीच. अण्णा गाठी मारलेली दोरी सोडतात. पाणी तीन मीटर. विहिरीचा व्यास चार मीटर. चार गुणिले चार गुणिले तीन, त्याला ०.७८५ नं गुणायचं. साधारण सदतीस हजार सातशे लिटर. टीसीएल एकशे नव्वद ग्रॅम. हा हिशेब विहिरीच्या कठड्यावर खडूनं लिहिलेला आहे. पावसानं पुसला की अण्णा पुन्हा लिहितात.

सकाळी जोडलेला सांधा वाळलाय. वॉल उघडून आधी पाइप धुवायला पाणी वाहू देतात, मग शेवटच्या नळावर नळी भरतात. अंधार पडत आलाय, बॅटरीचा झोत आणि मागे पांढरा कागद. पिवळं. फिकट, पण पिवळं.

"काकी, भरा आता," अण्णा हाक देतात.

रात्री ८.३०
ओसरीवर बाजलं. अण्णा बोटांना खोबरेल चोळतात. टीव्हीवर पावसाळी अधिवेशनाची बातमी. अण्णांच्या डोक्यात मात्र पाणीच. त्यांचा भाऊ पुण्यात धायरीला राहतो. २०२५ च्या जानेवारीपासून त्याच सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे, म्हणजे गुलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढत गेले, आकडा दोनशेच्या वर पोहोचला आणि तपास पिण्याच्या पाण्यापाशी आला. त्याआधी, २०२२ च्या जुलैत, मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत उघड्या विहिरीच्या पाण्यातून कॉलरा पसरला, माणसं गेली. नळयोजनेची वीज थकबाकीपायी तोडलेली होती, म्हणून लोक त्या विहिरीवर गेले होते, अशा बातम्या तेव्हा आल्या. अण्णांना त्या गावांची नावं पाठ आहेत.

आमदारसाहेब, आमदारताई, हे तुमच्यासाठी. टाक्या तुम्ही बांधल्यात, त्याबद्दल गाव तुमचं नाव घेतं. आता सभागृहात उभं राहून एवढं मागा: जलसुरक्षकाचा पगार वसुलीच्या अटीतून सोडवा. पाणीयोजनेचं वीजबिल आणि टीसीएल यांची तरतूद पावसाआधी गावात पोहोचू द्या. फुटवॉल, कपलिंग, हातमोजे यांसाठी पंचायतीकडे हाताशी पैसे असू द्या. आणि पुढच्या टाकीची फीत कापायला याल तेव्हा टाकीपाशी थांबू नका. ओटीची बाटली घेऊन शेवटच्या नळापर्यंत चालत या.

अण्णांनी पहाटे सव्वाचारचा गजर लावलाय. फुटवॉल अजून जुनाच आहे. उद्याही सात बादल्या लागतील.