पवनचक्कीच्या दंडातील कंप

कन्नडचा घाट उतरून, धुळ्यामार्गे साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलला गेलो असता तेथील एका तंत्रज्ञांनी पवनचक्कीच्या कंपांचा आलेख दाखविला, आणि या विषयाचा मला छंदच जडला.

पाती मिनिटाला सुमारे १५ ते २० फेरे घेतात. गिअरबॉक्स तोच वेग जनित्रापाशी १,००० फेऱ्यांपलीकडे नेतो.

बेअरिंगच्या कवचावरील संवेदक कंपांची अखंड नोंद ठेवतात. गिअरबॉक्समधील चक्राचा दात झिजला, की आलेखात मुख्य शिखराच्या दोहो बाजूंस लहान शिखरे उमटतात. बिघाडाची ती पहिली वर्दी होय.

वाऱ्याच्या झोतांमुळे पाती व जनित्र यांना जोडणाऱ्या दंडाला पीळ बसून तो उलटसुलट आंदोलू लागला, तर नियंत्रक जनित्राचा वेग वाढताच त्याचा रोध किंचित वाढवितो, घटताच कमी करितो, आणि आंदोलनाचा बंदोबस्त होतो.

शंका अवश्य विचाराव्यात; यथाशक्ती उत्तर देईन.