नोंद आणि शेरा : व्यापारातील माहिती व माणसाची जाण

माहितीचे महत्त्व व्यापाऱ्याला संगणकाने शिकविले, असा एक समज अलीकडे रूढ होऊ पाहत आहे. कोल्हापूरच्या बाजारपेठेचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. लक्ष्मीपुरीतील धान्याची पेढी असो, गुजरीतील सराफी दुकान असो वा शाहूपुरीतील गुळाची अडत असो, तेथे लाल कापडी बांधणीची वही पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करीत आली. दिवसभरातील प्रत्येक व्यवहार घडलेल्या क्रमाने रोजकीर्दीत उतरे आणि तोच व्यवहार पुढे खतावणीत त्या त्या असामीच्या खात्यावर जाई. रोजकीर्द ‘आज काय घडले’ हे सांगे, तर खतावणी ‘कोणाकडून किती येणे, कोणाला किती देणे’ हे सांगे. नोंद एकच, परंतु तिच्यातून दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे मिळत. आज जिला माहिती प्रणाली म्हणतात तिचे मूळ तत्त्व याहून निराळे नाही. इटलीतील लुका पाचोली याने १४९४ मध्ये द्विनोंदी पद्धतीचे विवेचन छापून प्रसिद्ध केले, तेही व्हेनिसच्या व्यापाऱ्यांचा प्रत्यक्ष परिपाठ पाहूनच. पद्धत आधी कामातून जन्मली आणि पुस्तक मागून आले, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

जुन्या वहीत आणखी एक गोष्ट असे. रकमेच्या शेजारी बारीक अक्षरात दिवाणजी एखादा शेरा लिहून ठेवीत. ‘माल ओला आला’, ‘मुलीच्या लग्नामुळे मुदत वाढविली’, ‘बोलण्यास कडक, पण व्यवहारास चोख’. बेरीज-वजाबाकीला या शेऱ्याचा काही उपयोग नव्हता. पुढच्या वर्षी त्याच गिऱ्हाइकाला उधार द्यावे की न द्यावे, हे ठरविताना मात्र रकमेपेक्षा तो शेराच अधिक उपयोगी पडे. नोंद ही व्यवहाराची असते, शेरा हा अनुभवाचा असतो. संगणक आल्यानंतर नोंदीचे काय झाले हे सर्वांना दिसते. शेऱ्याचे काय झाले, याचा विचार फारसा होत नाही.

माहिती आणि जाण यांतील अंतर

हे अंतर समजून घेण्यास कोल्हापूरच्या गुळासारखे दुसरे उदाहरण नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली आणि गुळाच्या व्यापाराला हक्काचे ठिकाण मिळाले. पुढे २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही लाभले. गुळाच्या सौद्यात रव्यांची संख्या, वजन, दर, अडत, हमाली आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारी हिशेबपट्टी या सर्व गोष्टी आकड्यांत मांडता येतात. त्या यंत्राकडे सोपविणे योग्यच आहे. यंत्र थकत नाही आणि हातचा विसरत नाही.

परंतु तोच गूळ गुऱ्हाळावर तयार होत असतो तेव्हा सारा भार गुळव्याच्या नजरेवर असतो. रस उकळू लागला की त्यावर येणारी मळी कधी काढावयाची, भेंडीचा चिकट रस किती घालावयाचा, चुलीला जाळ किती ठेवावयाचा आणि काहील नेमकी कोणत्या क्षणी उतरावयाची, हे तो जाणतो. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी चाचपली की त्याला कळते. उष्णतामापक लावला तर पारा ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास दिसेल. म्हणून काय ११८ हा आकडा माहीत असलेला कोणीही गूळ करू शकेल? ऊस कोणत्या जमिनीतला, लागण की खोडवा, तोडून किती वेळ झाला, यांवर तो क्षण मागेपुढे होतो. हंगेरीत जन्मलेले विचारवंत मायकेल पोलान्यी यांनी अशा ज्ञानाला ‘अव्यक्त ज्ञान’ म्हटले. माणसाला जे कळते त्यातील बराच भाग तो शब्दांत सांगू शकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. गुळव्याला हे नाव ठाऊक नसेल, परंतु ती वस्तू त्याच्यापाशी आहे.

उष्णतामापक आणि गुळव्या यांत वैर असण्याचे कारण नाही. प्रत्येक काहिलीचे तापमान, वेळ आणि उसाचा प्रकार लिहून ठेवला आणि तो गूळ सौद्यात कोणत्या दराने गेला हेही त्यापुढे लिहिले, तर हंगामाअखेर गुळव्यालाच आपल्या कौशल्याबद्दल काही नवे समजेल. यंत्राने माणसाच्या जाणीवेला आधार द्यावा तो असा.

वारणेचा धडा

मोठ्या प्रमाणावर हाच प्रयोग कोल्हापूर जिल्ह्यातच झाला आणि त्याची दखल जगभरच्या अभ्यासकांनी घेतली. पन्हाळा तालुक्यातील वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या नेतृत्वाखाली सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती दूध संघ, ग्राहक भांडार, शिक्षणसंस्था असे सहकाराचे मोठे जाळे विणले गेले. या परिसरातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प १९९८ मध्ये हाती घेण्यात आला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या संस्था यांनी मिळून खर्चाचा भार उचलला आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने त्याची उभारणी केली. खेड्यात टेलिफोन मिळणेही कठीण होते अशा काळातील हे साहस होते.

संगणकाची गरज येथे का भासली, हे पाहण्यासाठी उसाचा प्रवास पाहावा लागतो. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि सोळा ते अठरा महिने शेतात राहतो. सुरू लागण साधारण वर्षभरात तोडणीस येते. खोडव्याचे गणित आणखी वेगळे. शेतकऱ्याने लागणीची तारीख, क्षेत्र आणि जात कारखान्याकडे नोंदविली की त्या एका नोंदीवर पुढची साखळी अवलंबून राहते. तोडणीचा क्रम, टोळ्यांची संख्या, वाहनांची आखणी, काट्यावरचे वजन, उसाचे बिल, गावच्या सेवा सोसायटीच्या पीककर्जाची कपात आणि शेतकऱ्याच्या खात्यावर जमा होणारी रक्कम, हे सारे त्याच धाग्यात ओवलेले असते. तारीख चुकली तर तोडणी चुकते. उसाला तुरा येऊन तो शेतात उभा राहिला की वजन घटते, आणि तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळपास गेला नाही तर वजन व साखर दोन्ही उतरतात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळावयास हवेत. ते चौदा दिवस मोजावयाचे तरी वजनाची नोंद बिनचूक हवी. शेतकऱ्याच्या घरातील वर्षभराची मिळकत अशी कागदाच्या एका चिठ्ठीवर उभी असते.

गावोगावच्या केंद्रांनी हे काम सोपे केले. ज्या नोंदीसाठी वा चौकशीसाठी पूर्वी वारणानगरला खेटे घालावे लागत, ती गावातच होऊ लागली. तथापि प्रकल्पाकडून अपेक्षा याहून पुष्कळ मोठ्या होत्या. बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी माहिती, इंटरनेट हे सर्व त्याच संगणकातून खेड्यात पोहोचेल, असे चित्र रंगविले गेले होते. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा या संगणकांचा उपयोग मुख्यतः कारखान्याच्या ठराविक नोंदी करणे आणि पाहणे एवढ्यापुरताच होत असल्याचे आढळले. शेतकऱ्याचे प्रश्न थोडे आणि नेमके होते. माझ्या उसाचे वजन किती भरले? माझ्या नावावर खत किती उचलले गेले?

तेवढ्या प्रश्नांसाठी प्रत्येक गावात संगणक, वीज आणि देखभाल यांचा खर्च हवाच का, असा विचार पुढे आला. सात गावांत आठ महिने एक प्रयोग करण्यात आला. शेतकऱ्याने साध्या मोबाईलवरून लघुसंदेश पाठवावा आणि कारखान्याच्या संगणकाने त्याचे उत्तर द्यावे, एवढीच त्याची योजना. संगणक-केंद्रांवर होणारी सर्व कामे या पद्धतीने होऊ शकली. खर्च कमी आला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांनाही हीच पद्धत अधिक भावली, असा निष्कर्ष संशोधकांनी २००७ मध्ये मांडला.

यावरून पहिला प्रकल्प फसला असे म्हणणे अन्यायाचे होईल. लागणीपासून बिलापर्यंतची कामाची साखळी आधीच नीट बांधली गेली होती, म्हणूनच संगणकाच्या जागी मोबाईल सहज बसू शकला. साधन बदलले, पद्धत टिकली. वारणेचा खरा धडा हा आहे की कोणते यंत्र घ्यावे हा प्रश्न शेवटचा आहे. कोणाला, केव्हा, कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे, हा पहिला.

शेऱ्याची जागा

ऊस-व्यवहारातून दुसराही एक धडा मिळतो. यंत्राने लागणीच्या तारखेप्रमाणे तोडणीचा क्रम लावला, तरी नदीकाठच्या मळीच्या रानात अवकाळी पावसानंतर गाडी जाणार नाही, हे शेती खात्याच्या माणसालाच कळते. तेथे क्रम बदलण्याचा अधिकार त्याला हवा. तो नसेल तर प्रणाली आंधळी होईल. उलट, क्रम बदलूनही त्याचे कारण कोठेच लिहिले गेले नाही, तर उद्या त्याच सवलतीला वशिल्याचे रूप येईल आणि ज्याचा ऊस मागे पडला त्याचा विश्वास उडेल. म्हणून माणसाच्या निर्णयाला वाव द्यावा आणि तो निर्णय सहीनिशी नोंदवावाही. जुन्या वहीतला शेरा नेमके हेच काम करीत होता.

आजच्या दुकानात हा विचार कसा लागू पडतो? १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि लहानमोठ्या बहुतेक दुकानांत हिशेबाची संगणक प्रणाली आली. सराफी व्यवसायात १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळखक्रमांक सक्तीचा झाला. या सर्वांमुळे नोंद पूर्वीपेक्षा काटेकोर झाली, हा निःसंशय लाभ आहे. परंतु अनेक दुकानांत ही प्रणाली केवळ विवरणपत्र भरण्यापुरती वापरली जाते. कर सल्लागाराला हवे ते त्यात आहे आणि मालकाला हवे ते अजून मालकाच्या डोक्यातच आहे. हिशेबाच्या प्रचलित प्रणालीत प्रत्येक नोंदीखाली ‘नॅरेशन’ या नावाची एक मोकळी जागा दिलेली असते. शेऱ्याची तीच जागा. बहुतेक वेळा ती कोरी राहते.

याची किंमत लगेच कळत नाही. ती कळते ती पेढीची सूत्रे नव्या पिढीच्या हाती येतात तेव्हा. मुलाला संगणकात दहा वर्षांची बिले दिसतात, पण कोणता गिऱ्हाईक सुगीनंतर न मागता पैसे आणून देतो, कोणता पुरवठादार अडचणीच्या वेळी माल पाठवितो आणि कोणाचा गोड शब्द महाग पडतो, हे दिसत नाही. ज्या दिवाणजींनी चाळीस वर्षे हे सांभाळले ते घरी बसलेले असतात. वडिलांनी वर्षानुवर्षे मोल देऊन मिळविलेली जाण मुलाला पुन्हा मोल देऊनच मिळवावी लागते, आणि कधीकधी तेवढे भांडवल पेढीपाशी उरलेले नसते.

यावर उपाय खर्चाचा नाही. नवी प्रणाली घेण्यापूर्वी आपल्या दुकानात माल येण्यापासून पैसे जमा होईपर्यंत काय काय घडते, ते एका कागदावर क्रमाने लिहून काढावे. प्रत्येक टप्प्यावर नोंद कोण करतो आणि ती दुसरे कोण तपासते, हे ठरवावे. जेथे काम घडते तेथेच नोंद व्हावी. सायंकाळी आठवून केलेली नोंद ही अर्धी आठवण आणि अर्धा अंदाज असते. उधारीची मुदत वाढविली, दरात सूट दिली वा माल परत घेतला, तर त्याचे कारण एका ओळीत लिहिण्याचा दंडक घालावा. गिऱ्हाइकाविषयीचा शेरा मात्र सभ्य असावा आणि तो कोणी पाहावा यालाही मर्यादा असावी. त्या माणसाने तो वाचला तरी आपल्याला संकोच वाटू नये, एवढी कसोटी पुरेशी आहे.

दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी आता पुष्कळ पेढ्यांवर वहीशेजारी संगणकही मांडला जातो. त्याच सुमारास चार संध्याकाळी काढून घरातील वडीलधाऱ्यांनी आणि जुन्या दिवाणजींनी प्रमुख पन्नास खात्यांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते सांगावे आणि मुलासुनांनी ते लिहून घ्यावे. सर्वच ज्ञान असे शब्दांत उतरणार नाही. उरलेले शेजारी बसून, सौदा पाहून आणि तगाद्याला बरोबर जाऊनच मिळेल. परंतु जेवढे लिहिता येण्यासारखे आहे तेवढे तरी, सांगणारी माणसे आपल्यात आहेत तोवर, लिहून घेतले पाहिजे.